वऱ्हाडांतील रानांचे कायदे व गांवचे कागद

(१)

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आजवर जे कागद संशोधकांनीं जमविले, त्यांत सनदा, वतनपत्रें, महजर, वंशावळी आणि पोथ्या यांचा भरणा अधिक आहे. व तो असणें योग्यच आहे. परंतु त्याच रुमालांतून, पोथीच्या वेष्टनास लागून किंवा वहीच्या पानांत दडून, दुसऱ्या एका जातीचे कागद येत असतात. चराईची पावती, लांकूड-गवताचा परवाना, कोंडवाड्याच्या दंडाची चिठ्ठी, राखीव रानाच्या हद्दीविषयीं पाटलानें दिलेला जबाब, हे ते कागद होत. त्यांवर थोर पुरुषाची मोहोर नसते, भाषा नीरस असते, आणि कोणा राजाचें नांव त्यांत सांपडत नाहीं. म्हणून संग्राहक ते बाजूस टाकतात. आम्हीं स्वतः तसें केलें आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं अकोल्याच्या बाजारांत एका पोथीकरितां आम्हीं एक सबंध रुमाल विकत घेतला. पोथी ठेवून घेतली; तिच्या भोंवतींचीं मोडी लिपींतील चराईचीं पन्नासएक चिटोरीं मात्र विकणाऱ्यासच परत दिलीं. त्यांचें पुढें काय झालें असेल हें वाचकांस सांगावयास नको.

या चुकीचें मोल आम्हांस उशिरां कळलें. तें इतरांस वेळींच कळावें एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें: रान राखण्याचा कायदा हा सर्वत्र दोन प्रकारच्या कागदांवर उभा असतो. एक राजाज्ञेचा कागद, दुसरा वहिवाटीचा. पहिला सरकारी दप्तरांत राहतो व छापला जातो. दुसरा गांवांत राहतो व नष्ट होतो. ज्या ज्या वेळीं कायद्यानें दुसऱ्या कागदाची उपेक्षा केली, त्या त्या वेळीं कालांतरानें त्याचाच शोध घेण्याची पाळी कायद्यावर आली. हें वऱ्हाडांत घडलें, आणि दूरच्या अमेरिकेंतहि घडलें.

(२)

प्रथम प्राचीन काळ पाहूं. रानाचें संरक्षण ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली असा एक समज आहे; प्राचीन भारतांत रानास कोणी हातच लावीत नसे असा त्याच्या उलट दुसरा. ग्रंथांच्या आधारापुढें दोन्ही टिकत नाहींत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं येऊन १९०९ सालीं तो ग्रंथ छापला गेला, तेव्हांपासून 'कुप्याध्यक्ष' हा अधिकारी आपणांस परिचित झाला आहे. लांकूड, वेळू, साल, कातडें इत्यादि रानाचें उत्पन्न गोळा करणें व द्रव्यवन तोडणारांकडून दंड घेणें हें त्याचें काम. परंतु तेथेंच एक अपवाद घातलेला आहे: आपत्तींत सांपडलेल्यास तो दंड नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत फांदी, बुंधा व सबंध झाड तोडण्यास चढता दंड सांगितला असून चैत्य, स्मशान, सीमा, पुण्यस्थान व देवालय येथील झाडांस तो दुप्पट आहे. सीमेवरील झाडास हें विशेष संरक्षण कां, याचा विचार करण्यासारखा आहे. तें झाड केवळ झाड नसून गांवच्या हद्दीचा साक्षीदार आहे. तें तोडणें म्हणजे एका परीनें दस्तऐवज फाडणेंच होय.

वऱ्हाडचा स्वतःचा पुरावा याहून बोलका आहे. अचलपुराजवळील चम्मक येथें सांपडलेला वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट वाचकांस ठाऊक आहेच. तो फ्लीट यांनीं १८८८ सालीं व महामहोपाध्याय मिराशी यांनीं १९६३ सालीं आपापल्या संग्रहांत प्रसिद्ध केला. भोजकट राज्यांतील मधुनदीच्या कांठचें चर्मांक हें गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचा हा लेख प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षांतील, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील आहे. अभ्यासक त्यांतील वंशावळ व भूगोल पाहतात. आम्ही त्यांतील 'परिहार' म्हणजे सुटीच्या कलमांकडे लक्ष वेधूं इच्छितों. चारा, आसनाकरितां कातडें आणि कोळसा हीं राजपुरुषांस देण्यापासून त्या गांवास तेथें सूट दिली आहे. ज्याची सूट लिहून द्यावी लागते तें एरवीं घेतलें जात होतें, हें उघड आहे. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवांनीं रानांतून काय आणावें व त्यांतलें राजास काय द्यावें, हा प्रश्न वऱ्हाडांत निदान पंधराशें वर्षांचा जुना आहे. आणि त्याचें उत्तर त्या वेळींहि लेखांतच शोधावें लागे.

(३)

मराठेशाहींतील आधार रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्राचा. त्याचा काळ इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा. आरमारास सागवान वगैरे लांकूड लागतें तें रीतसर परवानगीनें तोडून न्यावें. परंतु आंबा, फणस इत्यादि रयतेच्या झाडांस तिच्या संमतीवांचून हात लावूं नये, कारण तीं एका दोन वर्षांत होत नाहींत व रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें सांभाळलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. येथें राज्याची गरज मान्य आहे, पण ती रयतेच्या संमतीनें बांधलेली आहे.

हा विचार आरमाराच्या प्रकरणांत यावा यांत नवल नाहीं. जगांतील रानाचे पुष्कळ जुने कायदे जहाजांच्या गरजेंतूनच निघाले. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीस इंग्लंडच्या राजानें १६९१ सालीं जी सनद दिली, तींत खासगी मालकीस न गेलेल्या जमिनीवरील चोवीस इंच व्यासाचीं व त्याहून मोठीं झाडें राजाच्या आरमाराच्या डोलकाठ्यांकरितां राखून ठेविलीं होतीं. अशा पाइन वृक्षांच्या बुंध्यावर बाणाची खूण करीत. मात्र तेथें आज्ञापत्रांतल्यासारखी संमतीची अट नव्हती. त्याचा परिणाम असा झाला कीं, १७७२ सालीं न्यू हॅम्पशायरांत खूण केलेल्या लांकडावरून दंगा झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पूर्वचिन्हांत तो गणला जातो. रान राखण्याबद्दल वसाहतवाल्यांची तक्रार नव्हती. आपणांस न विचारतां राखण्याबद्दल होती. हाच भेद पुढें वऱ्हाडांत दिसून येतो.

(४)

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. परंतु सार्वभौमत्व निजामाचेंच राहिलें. ही राजकीय विचित्रता रानाच्या कायद्यांतहि उतरली. डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८६४ सालीं हिंदुस्थानच्या जंगल खात्याचा पहिला मुख्य झाला. १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला, १८७८ सालीं दुसरा. पण वऱ्हाड 'ब्रिटिश हिंदुस्थानां'त मोडत नसल्यामुळें हे कायदे येथें आपोआप लागू होत नव्हते. म्हणून १८८६ सालीं 'बेरार फॉरेस्ट लॉ' हा येथील स्वतंत्र कायदा गव्हर्नर-जनरलच्या अधिकारांत काढण्यांत आला. १९०२ सालीं निजामानें कायमचा पट्टा लिहून दिल्यावर व १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेल्यावरहि ही वेगळी व्यवस्था राहिली. १९२७ चा हिंदुस्थानचा वनकायदा येथें आला तो १९४१ च्या 'बेरार लॉज ॲक्ट'ानें. संग्राहकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. या अवधींतील वऱ्हाडच्या परवान्यावर किंवा निकालपत्रावर जंगल कायद्याचें कलम दिलेलें असल्यास तें १८७८ च्या किंवा १९२७ च्या कायद्यांत शोधूं नये.

वऱ्हाडांतील सरकारी रानाचे तीन वर्ग पाडले होते: पहिला इमारती लांकूड व सर्पण यांचा, दुसरा गवताच्या रमण्यांचा, तिसरा चराईचा. यांपैकीं 'रमणा' हा शब्द मनोरंजक आहे. मूळ 'रम्' धातूचा. करमणुकीकरितां, विशेषतः मृगयेकरितां राखलेली मोकळी जागा असा त्याचा अर्थ. पुण्यास पेशव्यांच्या दक्षिणेमुळें पर्वतीचा रमणा प्रसिद्ध झाला. वऱ्हाडांत तोच शब्द गवत कापण्याकरितां राखलेल्या कुरणास लागला व तेथून इंग्रजी अहवालांत गेला. शब्द जुना, पण त्याच्या भोंवतींचें कुंपण नवें, अशी ही स्थिति होती.

हें नवें कुंपण कोणत्या सिद्धान्तावर उभें होतें तें पाहणें अवश्य आहे. १८७८ च्या कायद्यापूर्वीं सरकारी अधिकाऱ्यांत एक मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल व त्याचे अनुयायी म्हणत कीं, जी वहिवाट राजानें लेखी मान्य केलेली नाहीं ती हक्क नव्हे. ती केवळ राजाच्या मेहेरबानीनें चालूं दिलेली सवलत होय, आणि सवलत केव्हांहि काढून घेतां येते. उलट मद्रास सरकारचे कांहीं अधिकारी म्हणत कीं, लोक पिढ्यान् पिढ्या रानाचा जो उपभोग घेत आले तोच त्यांचा हक्क. ब्रँडिस मधल्या मार्गाचा होता. कांहीं रान सरकारानें राखावें, पण गांवांकरितांहि रान तोडून द्यावें, असें त्याचें मत. कायद्यांत बहुतेक पहिला पक्ष जिंकला. गांवच्या रानाचें प्रकरण कायद्यांत राहिलें, पण व्यवहारांत फारसें उतरलें नाहीं.

आतां वाचकांनीं या सिद्धान्ताचें मर्म पाहावें. ज्या कोरकू पाड्याकडे किंवा गवळ्यांच्या वस्तीकडे कधीं कागदच नव्हता, त्यांचा हक्क कागद नाहीं म्हणून बुडाला. स्मृतिकार मात्र लेख, भुक्ति आणि साक्षी असे तिन्ही पुरावे मानीत. भुक्ति म्हणजे वहिवाट. नव्या कायद्यानें रानापुरतें तिचें बळ काढून घेतलें आणि एकट्या लेखास सिंहासनावर बसविलें.

(५)

येथें पुन्हां अमेरिकेकडे वळणें प्राप्त आहे, कारण त्या देशाच्या वनकायद्याचा एक धागा याच ब्रँडिसपर्यंत पोंचतो. हिंदुस्थानांतून निवृत्त होऊन ब्रँडिस जर्मनींत बॉन येथें राहिला. १८८९ सालीं गिफर्ड पिंशो नांवाचा तरुण अमेरिकन वनविद्या शिकण्याकरितां युरोपांत आला. त्यानें ब्रँडिसचा सल्ला घेतला व त्याच्या सांगण्यावरून फ्रान्समधील नान्सी येथील शाळेंत शिक्षण घेतलें. हाच पिंशो १९०५ सालीं अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला मुख्य झाला. तत्पूर्वीं १८६४ सालीं जॉर्ज पर्किन्स मार्श यानें मनुष्याच्या हातून पृथ्वीची कशी नासाडी होते यावर ग्रंथ लिहिला होता. १८७२ सालीं यलोस्टोन हें राष्ट्रीय उद्यान झालें. १८९१ च्या कायद्यानें अध्यक्षास राखीव वनें जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. पुढें १९७० सालीं राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा अमलांत आला व १९७३ सालीं नष्टप्राय प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. हा सर्व इतिहास गौरवानें सांगितला जातो, व तो गौरवास पात्रहि आहे. त्या कायद्यांमुळें रानें वांचलीं, पक्षी वांचले.

परंतु यलोस्टोनच्या प्रदेशांत शोशोनी, बॅनक, क्रो इत्यादि जमाती पूर्वापार शिकार करीत असत. १८६८ सालीं अमेरिकन सरकारानें त्यांच्याशीं तहनामे केले, व मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकार करण्याचा त्यांचा हक्क त्यांत लिहून दिला. पुढें शिकारीचे कायदे आले. १८९६ सालीं बॅनक जमातीच्या एका मनुष्याच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, वायोमिंग हें राज्य संघांत आलें तेव्हांच तहांतील हा हक्क संपला. येथें तर लेखहि होता. तरी तो चालला नाहीं. यानंतर एकशें तेवीस वर्षें गेलीं. २०१९ सालीं क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, राज्य झाल्यानें तहाचा हक्क बुडत नाहीं, व १८९६ च्या निकालाची ती विचारसरणी यापुढें ग्राह्य नाहीं. दीडशें वर्षांपूर्वींचा कागद जपलेला होता, म्हणून तो पुन्हां वाचतां आला. कागद असणाऱ्यांस एवढा काळ वाट पाहावी लागली. ज्यांच्याकडे कागदच नाहीं त्यांची काय कथा?

(६)

वऱ्हाडांत हा प्रश्न न्यायालयाच्या आधीं रस्त्यावर आला. १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहाची हांक आली तेव्हां वऱ्हाडास समुद्र नव्हता. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत खारट विहिरींस तोटा नव्हता. म्हणून त्या वर्षीं एप्रिलांत अकोल्याजवळील दहिहांडा येथें विहिरीच्या पाण्याचें मीठ काढून कायदा मोडण्यांत आला. पावसाळा लागल्यावर मिठाची सोय राहिली नाहीं. शिवाय वऱ्हाडच्या शेतकऱ्यास मिठापेक्षां गवताचा जाच अधिक ठाऊक होता. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतील गवत कापून जंगल सत्याग्रहास आरंभ केला व त्यांस अटक झाली. त्यानंतर वऱ्हाड व मध्यप्रांत यांत ठिकठिकाणीं लोकांनीं विळे घेऊन राखीव रानांत प्रवेश केला.

या सत्याग्रहाचा राजकीय इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. आमचें लक्ष त्याच्या कागदांकडे आहे. प्रत्येक अटकेचें, प्रत्येक दंडाचें, जप्त केलेल्या प्रत्येक गाडीचें व विळ्याचें टिपण कोठें तरी झालें असले पाहिजे. सत्याग्रहाआधींच्या पन्नास वर्षांतहि गुरें राखीव रानांत शिरलीं म्हणून किती तरी चिठ्ठ्या फाटल्या. त्या काळीं ती चिठ्ठी अपराधाची खूण होती. आज तिचा अर्थ उलटला आहे, तो कसा हें पुढें सांगतों.

(७)

स्वातंत्र्यानंतर रानाच्या कायद्यास नवें वळण लागलें. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें पर्यावरणाची जागतिक परिषद भरली, आणि त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९७३ सालीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यांतील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतें व १९७४ सालीं तें प्रत्यक्ष व्याघ्रक्षेत्र झालें. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें पर्यावरणाचें रक्षण हें राज्याचें धोरण व नागरिकाचें कर्तव्य ठरलें, आणि वन हा विषय समवर्ती सूचींत गेला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानें वनजमीन इतर कामीं लावण्यास केंद्राची मंजुरी अवश्य झाली. १९८६ सालीं पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला. कौटिल्यानें ज्यास अभयवन म्हटलें, तसें गुगामळ, नरनाळा, अंबाबरवा, वान हें सातपुड्यांतील रान आज आहे. वाघास तेथें अभय मिळालें याचा आम्हांस आनंदच आहे, आणि हा लेख त्या अभयाविरुद्ध नाहीं.

परंतु अभयाची किंमत कोणी दिली हेंहि लिहून ठेविलें पाहिजे. या शतकाच्या आरंभापासून मेळघाटांतील कुंड, बोरी, कोहा व नंतर धारगड, केलपाणी, सोमठाणा, गुल्लरघाट इत्यादि गांवें रानांतून उठून अकोला जिल्ह्यांत अकोटाच्या बाजूस सपाटीवर आलीं. गांव उठलें म्हणजे घरें जातात एवढेंच नव्हे. पाणवठ्यांचीं नांवें, चराईच्या वाटा, मुठवा देवाचें ठाणें, मृतांकरितां सागाच्या लांकडांत कोरून उभे केलेले स्तंभ, हीं सर्व त्या जागेशीं जखडलेलीं साधनें असतात. त्यांची नोंद कोणी घेतली नाहीं तर तीं एका पिढींत नाहींशीं होतात.

दप्तरांतील एका शब्दानें केवढा फरक पडतो याचें उदाहरण शेजारच्या पूर्व विदर्भांत घडलें. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' अशी जुनी महसुली नोंद असलेल्या जमिनी आहेत. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'वन' शब्दाचा अर्थ कोशांतल्याप्रमाणें व्यापक घ्यावा असा आदेश दिला. त्यास अनुसरून २२ मे २०२५ रोजीं झुडपी जंगल हें वनच होय असा निर्णय झाला. पिढ्यांपूर्वींच्या कारकुनानें वहींत लिहिलेल्या दोन शब्दांवर सहा जिल्ह्यांतील जमिनींचें भवितव्य अवलंबून राहिलें. शब्दाच्या अर्थाची चर्चा म्हणजे पंडितांचा रिकामा उद्योग, असें म्हणणारांनीं हें पाहावें.

(८)

आतां मूळ मुद्द्यावर येतों. २००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला व वननिवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला हें त्याच्या प्रस्तावनेंतच कबूल केलें. १ जानेवारी २००८ रोजीं त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांतील तेरावा नियम प्रत्येक संग्राहकानें वाचावा असा आहे. हक्क सिद्ध करण्यास कोणता पुरावा चालेल याची तेथें यादी आहे: गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जंगल चौकशीचे कागद, न्यायालयाचे निकाल, निस्तारासारख्या वहिवाटीच्या नोंदी, पूर्वींच्या संस्थानांनीं दिलेल्या सवलतींचे लेख, तसेंच विहिरी, स्मशानें, पूज्य वृक्ष, आणि वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब. अशा पुराव्यांपैकीं निदान दोन दाव्यास जोडावे लागतात. म्हणजे लेख, भुक्ति आणि साक्षी हे तिन्ही स्मृतिकारांचे पुरावे सवाशें वर्षांनीं कायद्यांत परत आले.

यांतील एक अट विशेष ध्यानांत घ्यावी. कोरकू इत्यादि अनुसूचित जमातींस १३ डिसेंबर २००५ पूर्वींची वस्ती दाखविली म्हणजे पुरतें. परंतु मेळघाटांतील गवळ्यांसारखे जे 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत, त्यांस त्या दिवसापूर्वींच्या तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती व रानावरील उपजीविका दाखवावी लागते. हिशोब केला असतां १३ डिसेंबर १९३० ही तारीख येते. पुसदच्या सत्याग्रहास तेव्हां पांच महिने झाले होते. अर्थात् १९३० च्या आसपासची चराईची पावती किंवा गुरें राखीव रानांत शिरल्याबद्दलची दंडाची चिठ्ठी एखाद्या गवळी कुटुंबाच्या हातीं आज असेल, तर ज्या कायद्यानें त्याच्या आजास दंड केला, त्याच दंडाची चिठ्ठी नातवाच्या हक्कास आधार देऊं शकते. आम्हीं परत दिलेल्या पन्नास चिटोऱ्यांत कोणत्या गांवांचीं नांवें होतीं तें आम्हीं वाचलेंहि नाहीं. पोथीची दुसरी प्रत आम्हांस पुढें अन्यत्र मिळाली. त्या चिटोऱ्यांची दुसरी प्रत कोठेंच असणार नाहीं.

हक्क मिळाला म्हणजे रान बुडेल अशी भीति कांहींजण दाखवितात. अचलपूर तालुक्यांतील पायविहीर गांवाचें उदाहरण त्यांनीं पाहावें. या गांवास १९० हेक्टरांहून अधिक उजाड वनक्षेत्राचा सामूहिक हक्क मिळाला. गांवानें तेथें चराईस व तोडीस स्वतः आळा घातला, झाडें लावलीं, रानच्या सीताफळांची विक्री आपल्या हातीं घेतली. आणि २०१४ सालीं त्यास जैवविविधतेच्या रक्षणाबद्दल राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. संमतीनें राखलेलें रान टिकतें, हें आज्ञापत्रकारांस मान्य होण्यासारखें तत्त्व येथें डोळ्यांस दिसतें.

मात्र कागदाचा उपयोग आहे म्हणून परीक्षेवांचून तो पुढें करणें हा दुसरा अपराध होईल. मेळघाटांत आढळणाऱ्या रानपिंगळ्याची कथा येथें बोधप्रद आहे. या लहान घुबडाचें वर्णन ह्यूम यानें १८७३ सालीं केलें. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा ठिकाणा नव्हता. फक्त माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नांवें गुजराथेंतील १९१४ सालचा एक नमुना इंग्लंडच्या संग्रहालयांत होता, व शोधक त्या चिठ्ठीवर विसंबून भलत्याच ठिकाणीं हिंडत राहिले. पामेला रासमुसेन यांनीं तपास करून दाखविलें कीं, तो नमुना दुसऱ्याच्या जुन्या संग्रहांतून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. खोटी चिठ्ठी दूर सारून खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारें शोध केल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला, व पुढें मेळघाटांतहि आढळला. एका खोट्या कागदानें एक जिवंत जीव दशकानुदशकें मृतवत् ठरविला. वनहक्काच्या दाव्यांत बनावट कागद शिरला तर खऱ्या हक्कदाराचीहि तीच गत होईल. म्हणून येथें कागद पारखणाराचें काम आहे.

तरी इतिहासप्रेमी सभासदांस आमची नम्र विनंति आहे. आपल्या संग्रहांतील रुमाल पुन्हां एकदां सोडावे. चराई, सर्पण, गवत, कोंडवाडा, हद्दनिशाणी यांविषयींचा एकहि कपटा टाकूं नये. तो कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांशेजारीं व कोणाकडून मिळाला हें त्याच वेळीं लिहावें; कारण मूळ ठिकाण हरवलेला कागद पुराव्यास दुबळा होतो. मोडी मजकुराचें बाळबोध लिप्यंतर अक्षरशः करावें, दुरुस्ती करूं नये. दक्षिणी फसली सन असल्यास त्यांत ५९० मिळवून इसवी सनाचा स्थूल मेळ द्यावा. आणि ज्या गांवाचें नांव त्यांत असेल, त्या गांवच्या ग्रामसभेस त्याची नक्कल विनामूल्य पाठवावी. मूळ कागद आपल्याकडे खुशाल राहूं द्यावा. पण त्यांतला हक्क आपला नव्हे, तो त्या गांवाचा आहे.

याज्ञवल्क्यानें सीमेवरच्या झाडास दुप्पट दंडानें राखलें, कारण तें साक्षीदार होतें. वऱ्हाडच्या सीमांवरचीं तीं झाडें बहुतेक गेलीं. त्यांची साक्ष आतां आपल्या पेट्यांतील चिटोऱ्यांत उरली आहे.